आठवड्याचं ताट तपासू या: गोव्याच्या स्वयंपाकघरातली घातक रसायनं कमी कशी करायची

जुलै २०१८. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या माशांत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली आणि गोव्यातली कित्येक घरं रातोरात शाकाहारी झाली. आधी जागेवरच्या चाचणीत दोष दिसला, मग प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगण्यात आलं. तेव्हा माशांतल्या फॉर्मेलिनची अशी मर्यादा देशात ठरलेलीच नव्हती, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा हे लोकांना कळेना. सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. त्या दिवसांत मासे सोडलेल्यांनी दोन वेळा भात खाल्ला, सुट्या हळदीची आमटी ओरपली आणि संध्याकाळी गाड्यावरची भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घरी नेली. त्याबद्दल कोणी हूं की चूं केलं नाही.

गाजणारी भेसळ आणि रोज थोडीथोडी पोटात जाणारी भेसळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक घरांना दुसरीची जास्त फिकीर करायला हवी. कुठून सुरुवात करायची आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

पायरी १: आधी हिशोब

एखाद्या रसायनाचा धोका चार गोष्टींवर ठरतो: पदार्थात ते किती आहे, आपण तो पदार्थ किती खातो, किती वेळा खातो आणि आपलं वजन किती. पहिल्या तिन्हींचा गुणाकार करून वजनाने भागायचं. बारा किलोच्या पोराने आणि साठ किलोच्या बापाने सारखाच वाटीभर भात खाल्ला, तर दर किलो वजनामागे पोराच्या अंगात पाचपट जातं. शिवाय लहान मुलांचं आतडं शिसं मोठ्यांच्या कितीतरी पट शोषून घेतं. म्हणून घरात मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर हिशोब त्यांच्या ताटापासून सुरू करावा.

आठवडाभर कॅलेंडरवरच लिहीत जा: तांदूळ किती शिजला, कोणता मासा आला, तेल किती संपलं, मसाला कुठला, बाहेरून काय आलं. चार दिवसांहून जास्त वेळा आलेल्या प्रत्येक पदार्थाखाली रेघ मारा. गोव्यातल्या बहुतेक घरांत ही रेघ तांदूळ, नारळ, मासे, मिरची-हळद, तेल आणि पाव यांखाली येईल. जत्रेतलं खाजं तिथे येणार नाही, त्याची चिंता सोडा.

पायरी २: तांदूळ

पाणी साचलेल्या शेतात वाढणारं भाताचं रोप मातीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतं. आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगा आणि मेघना खोऱ्यातला आहे. गोव्याची माती त्या पट्ट्यातली नाही, पण आपल्या दुकानातला सगळा तांदूळ आपल्या शेतातून थोडाच येतो? पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाची मर्यादा किलोला ०.२ मिलीग्रॅम असेंद्रिय (म्हणजे जास्त विषारी रूपातलं) आर्सेनिक अशी आहे. मर्यादेला टेकलेला पाव किलो तांदूळ दिवसाला खाल्ला तर ५० मायक्रोग्रॅम पोटात जातं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन लिटरमागे २०. पाण्यासाठी महागडं फिल्टर बसवणारे आपण तांदळाकडे कधी वळूनही पाहत नाही. बाजारातला बराच तांदूळ या मर्यादेच्या खाली असतो, हेही लक्षात ठेवा. हा हिशोब घाबरवण्यासाठी नाही, कुठे पाहायचं ते कळावं म्हणून आहे.

उपाय जुनाच आहे. एका मापाला सहा ते दहा मापं पाणी घालून तांदूळ शिजवायचा आणि वरचं पाणी गाळून टाकायचं. अशाने असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं आहे. आपल्याकडे उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, असंच भरपूर पाण्यात रटरटवून वेळलं जायचं, कुकर आल्यावर ती सवय गेली. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. आर्सेनिक गाळलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी, म्हणजे निवळ, पिऊन टाकली किंवा अकराच्या सुमाराची पेज पाण्यासकट खाल्ली तर काहीच कमी होत नाही. आणि पाण्याबरोबर बी गटातली जीवनसत्त्वंही जातात. माझं मत असं: घरात दोन्ही वेळा भात असेल तर एका वेळेचा भात वेळून करा, दुसऱ्या वेळी भाकरी किंवा चपाती असू द्या. पेज आवडत असेल तर ती खुशाल खा, पण तोच दिवसाचा तिसरा भात नको.

पॉलिश न केलेल्या तांदळात आर्सेनिक जास्त असतं, कारण ते कोंड्यात साठतं. तब्येतीसाठी रोज तो तांदूळ खाणाऱ्यांनी तो तरी वेळूनच शिजवावा. बाळाच्या वरच्या खाण्यात तांदळाची पेज एके तांदळाची पेज असं न करता नाचण्याचं तिजान (लापशी) आलटूनपालटून द्या. लोह आणि कॅल्शियम पोटात गेलं तर शिसंही कमी शोषलं जातं, हा वरचा फायदा.

पायरी ३: मासे

फॉर्मेलिन हे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण. मासे टिकवण्यासाठी ते वापरणं बेकायदा आहे, त्यात दुमत नाही. पण काही माशांत मेल्यानंतर फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होतं, बोंबलासारख्या जातींत तर बरंच. म्हणून चाचणीत काहीतरी दिसलं की लगेच भेसळ म्हणता येत नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने माशांच्या गटांनुसार वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या, त्यामागचं कारण हेच.

घरी ओळखायचं कसं? डोळे, कल्ले, वास बघून मासा ताजा आहे की नाही ते कळतं, फॉर्मेलिन आहे की नाही ते नाही. माशा बसत नाहीत म्हणजे फॉर्मेलिन, हा निकष कच्चा आहे. बर्फातल्या माशावरही माशा कमीच बसतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची चाचणी तयार केली आहे. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून ती मागवली तर बाजारात जाण्याआधीची कुजबुज तरी थांबेल.

खरी पायरी कॅलेंडरवरची आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा घाऊक बाजारात लांबून ट्रकने आलेला मासा जास्त असतो. त्या दोन महिन्यांत नदीतला आणि खाजनातला (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतला) शेवटा, पालू घ्या, खारे बांगडे आणि सुकट वापरा, नाहीतर चवळी आणि अळसांदे आहेतच. सुकी मासळी घेताना ती ओळखीच्या बाईकडूनच घ्या. किडे लागू नयेत म्हणून सुक्या मासळीवर कीटकनाशक मारण्याचे प्रकार आशियात अनेक ठिकाणी आढळले आहेत.

आता पारा. याबद्दल बाजारात कोणी ओरडत नाही. समुद्रात मिसळलेला पारा जिवाणूंमुळे मिथाइल मर्क्युरी बनतो आणि लहान मासा मोठ्याच्या पोटात जाता जाता साठत जातो. अमेरिकी नमुन्यांत शार्कमध्ये, म्हणजे आपल्या मोरीच्या जातीत, सरासरी किलोला सुमारे एक मिलीग्रॅम पारा सापडला, सार्डिनमध्ये सुमारे ०.०१३. म्हणजे मोरी आणि तारल्यांच्या जातकुळीत सुमारे पंच्याहत्तरपटीचं अंतर. तो मांसातच मुरलेला असतो, त्यामुळे धुऊन, तळून, कातडी काढून जात नाही. आंबट-तीक कालवण कितीही आंबट केलं तरी नाही.

हिशोब करून बघू. जागतिक तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी चालेल असं ठरवलं आहे. पन्नास किलोच्या बाईला आठवड्याला ८०. माशातलं प्रमाण आपल्या कायद्याच्या मर्यादेला, म्हणजे किलोला ०.२५ मिलीग्रॅमला टेकलेलं असेल तर आठवड्याचा कोटा ३२० ग्रॅम माशात संपतो. मोठ्या मोरीचं प्रमाण किलोला एक मिलीग्रॅम धरलं तर ८० ग्रॅममध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत. तारले, वेर्ल्या, पेडवे, बांगडे यांच्या बाबतीत तो कोटा गाठायला किलोंनी मासे खावे लागतील.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची रीत किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आहे. सासूबाईंशी यावरून भांडू नका. मोरी आणायचीच तर वीतभर लांबीची आणा, मोठीचे तुकडे आणू नका, आणि बाकीचे दिवस मुडदुशे, तारले द्या. गरोदरपणात आणि बाळाला पाजताना मोरी, ट्यूना आणि मोठी इसवण क्वचितच असावी. मासे बंद करण्याचा सल्ला मात्र मुळीच देणार नाही. बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी तारल्या-बांगड्यांतून स्वस्तात मिळते, आणि ती सोडली तर नुकसान जास्त.

तिसऱ्या, शिनाणे आणि कालवं हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळून आपलं अन्न खातात, त्यामुळे नदीत जे असेल ते त्यांच्यात जमतं. मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांतली रेती निघते, धातू निघत नाहीत. जेटी, जहाजदुरुस्तीची गोदी, नाल्याचं तोंड यांच्या आसपास खणलेल्या नकोत. विकणारणीला विचारलं की ती कुठल्या काठच्या आहेत ते सांगते.

पायरी ४: हळद आणि मिरची

इथे कोणी म्हणेल, चिमूटभर हळदीने काय होणार? पहिल्या पायरीचा गुणाकार करा. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून वापरलं जाणारं लेड क्रोमेट वजनाने ६४ टक्के शिसं असतं. हळदीत ते हजारात एक भाग मिसळलं असेल, तर दिवसाच्या एका ग्रॅम हळदीतून ६४० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जाईल. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. जागतिक समितीने जुनी मर्यादा २०१० मध्ये मागे घेतली. शिशाने मुलांची बुद्धी आणि शिकण्याची क्षमता खुंटते आणि ते नुकसान भरून येत नाही.

अख्खी हळकुंडं आणून दळावीत हा सल्ला सगळेच देतात, तो अर्धाच बरोबर आहे. बांगलादेशात हळकुंडं चोळून चकचकीत करतानाच लेड क्रोमेट लावत असल्याचं २०१९ मधल्या अभ्यासात दिसलं. म्हणून हळकुंड मळकट, सुरकुतलेलं आणि थोडं फिकटच बघून घ्या. वरून एकसारखं झगझगीत पिवळं असेल आणि बोटांना रंग लागत असेल तर राहू दे. ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते, रंग घातलेली गडद. या चाचणीत पास झालेली हळद शिशापासून मुक्त आहे असं सिद्ध होत नाही, पण वाईट माल तरी बाजूला पडतो.

मिरचीचं सोपं आहे. खोलाची, हरमलची मिरची आपल्याकडे पिकते. ती देठासकट घ्या, निवडा आणि गिरणीत समोर उभं राहून दळून आणा. सूदान नावाचे तांबडे रंग सुट्या पुडीत मिसळतात, अख्ख्या मिरचीत ते सोपं नाही.

पायरी ५: पुरुमेंत

पावसाळ्याची बेगमी हा गोव्याचा अभिमान आणि गोव्याचाच धोका. हवेतला दमटपणा एवढा की जूनमध्ये चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. त्याच हवेत मिरच्या, खोबरं, शेंगदाणे, चिंच चार महिने काढतात. अस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. ते यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना धोका कित्येक पट. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं मेली. स्वयंपाकाच्या आचेने हे विष पुरतं मरत नाही. भाजल्याने थोडं कमी होतं, एवढंच.

मे महिन्यात करायचं काम: मिरच्या अंगणात थेट जमिनीवर वाळवू नका, चटईवर किंवा कापडावर पसरा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. मिरची मोडताना खळ्ळ आवाज आला पाहिजे, बी खुळखुळलं पाहिजे. वाकली तर अजून दोन उन्हं. उन्हातून आणलेला माल गरम असताना डब्यात भरला तर आत घाम धरतो, म्हणून तो घरात गार होऊ द्या. मोठ्या एका बरणीपेक्षा छोटे चार डबे बरे, कारण पावसात दर वेळी झाकण उघडलं की चारही महिन्यांच्या मालाला ओल लागते. जागा असेल तर मिरची पूड आणि शेंगदाणे सरळ फ्रिजमध्ये.

शेंगदाण्यांचं विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. मूठभर दाणे भरपूर विषारी आणि बाकीचे स्वच्छ असं असतं. त्यामुळे आजी सुपात निवडायची ते निव्वळ नीटनेटकेपणापुरतं नव्हतं. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे टाकले की बहुतांश विष गेलं. उलट दुकानातल्या तयार कुटात काय गेलं ते कळत नाही. खोबऱ्यावर हिरवी-काळी बुरशी दिसली तर ती पुसून वाटी वापरू नका, टाकून द्या. त्या वाट्या घाण्यावर तेलासाठीही पाठवू नका. घाण्याचं तेल शुद्ध म्हणून मिरवलं जातं, पण अफ्लाटॉक्सिन कारखान्यातल्या शुद्धीकरणात निघतं, घाण्यात नाही. घाण्याचं तेल घ्या, फक्त खोबरं बघून घ्या.

पायरी ६: बाकीचं, थोडक्यात

भांडी. आमसोलं, चिंच, शिरका ही आम्लं धातू सोडवून घेतात. कालची कढी आटवून खायची तर ती मातीच्या कुंडल्यात किंवा स्टीलमध्ये ठेवा, ॲल्युमिनियमच्या टोपात नको. पितळेला कल्हई हवीच, आणि कल्हई शुद्ध कथलाचीच, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना हे कल्हईवाल्याला विचारा. चकचकीत रंगीत लुकणाची हौसेची मातीची भांडी शोभेला ठेवा. गरमागरम रस्सा पातळ पिशवीत बांधून आणण्यापेक्षा डबा न्या.

भाजी. कीटकनाशक वर बसलेलं असेल तर वाहत्या पाण्याने चोळून बरंच जातं. सफरचंदावर केलेल्या प्रयोगात लिटरला १० ग्रॅम खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर साध्या पाण्यापेक्षा चांगला परिणाम दिसला. रोपात भिनलेलं औषध मात्र कशानेच निघत नाही, म्हणून महागड्या भाजी-धुण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. शेजारच्या गावची तांबडी भाजी, दोडकी, भेंडी हंगामात घ्या आणि रोज एकच भाजी खाणं टाळा. शेतातल्या औषधाचा रिकामा डबा घरात पाण्या-तेलासाठी कधीही वापरू नये. २०१३ मध्ये बिहारमधल्या एका शाळेत मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे २३ मुलं गेली.

आंबा. फळं पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ठरलेल्या प्रमाणातला इथिलीन वायू चालतो. मार्चमध्येच अख्खी पेटी एकसारखी पिवळी, वास मात्र नाही, असा मानकुराद दिसला तर महिनाभर थांबा. कैऱ्या आणून घरी अढी घाला.

पाव. पाव फुलावा म्हणून पिठात घालत त्या पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ पासून बंदी आहे. पाकिटबंद पावावर घटक वाचा, पोदेराला (पाववाल्याला) थेट विचारा.

तळण. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, त्यांतली साखर वाढते आणि तळताना ॲक्रिलामाइड हे घातक रसायन जास्त बनतं. काप पाण्यात भिजवून, पुसून, सोनेरी झाल्यावर काढा, तपकिरी होऊ देऊ नका. काळपट, फेसाळ तेलातली भजी नकोत, आणि वर्तमानपत्रात तर नकोतच. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

रंग. म्हापसा पालिकेने २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मनाई केली, तेव्हा देशभर हसू झालं. कारणांत कृत्रिम रंगांचा मुद्दा होता आणि तो हसण्यासारखा नव्हता. पण वर्षातून एकदा खाल्लेल्या मंचुरियनपेक्षा पोराच्या डब्यातली रोजची रंगीत जेली आधी बंद करा.

पायरी ७: संशय आला तर

गोव्याचं अन्न व औषध प्रशासन बांबोळीला आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक १८००११२१००. पाकीट, बॅच क्रमांक, बिल आणि चौदा आकडी परवाना क्रमांकाचा फोटो जपून ठेवा. उरलेला माल त्याच पाकिटात बांधा, मासा असेल तर बर्फात.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ४० फार कमी लोकांना माहीत आहे. कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो आणि माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. अट एकच: खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हा माल मी तपासायला देणार आहे. तोंडी सांगितलं तर नंतर नाकारलं जातं, म्हणून बिलावर तसं लिहून घ्या.

अहवालात तीन शब्दांपैकी एक येऊ शकतो: निकृष्ट, चुकीच्या लेबलचा किंवा असुरक्षित. पहिल्या दोन्हींसाठी दंड आहे, तिसऱ्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. नमुना देतानाच अर्जात लिहा की कशाकशासाठी तपासायचा आहे: हळद असेल तर शिसं, शेंगदाणे असतील तर अफ्लाटॉक्सिन, मोरी असेल तर मिथाइल मर्क्युरी. तसं लिहिलं नाही तर ओलावा आणि राख मोजून माल योग्य असल्याचा अहवाल हातात येईल, आणि शिसं कोणी मोजलेलंच नसेल.